पब्लिकला बोलू द्या

हॉकी इंडिया लीगचे सामने टीव्हीवर सुरू झाले की आमच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं. "मॅडम, तुमच्या हॉकीचं पब्लिक काही रंगात येत नाही हो. किती थंड बसलेलं असतं!" बोलणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. आयपीएलच्या गोंगाटाची कानांना सवय झालेली, त्यापुढे हॉकीचं स्टेडियम शांत वाटणारच. पण मी भुसावळला मुलींना हॉकी शिकवते. या खेळावर माझं पोट आहे आणि पोटाहून जास्त जीव आहे, त्यामुळे हे वाक्य मला लागतं. माझं म्हणणं असं की हॉकीचं पब्लिक थंड नसतंच. त्याला बोलायला आपण जागा ठेवत नाही.

आधी खेळाकडेच बघा. क्रिकेटमध्ये एक बॉल पडला की पुढचा पडेपर्यंत बराच वेळ मोकळा असतो. गोलंदाज चालत मागे जातो, फलंदाज क्रीझवर ठोकठाक करतो, आणि तेवढ्यात पब्लिक आपलं सगळं उरकून घेतं. ओरडणं, शेजाऱ्याशी वाद, ढोल, लाट, सगळं. हॉकीत १५-१५ मिनिटांचे चार क्वार्टर. फाउल झाला तरी ज्या संघाला फ्री हिट मिळते त्यातली खेळाडू बॉल ठेवते आणि स्वतःच घेऊन पुढे निघते. कुणी थांबत नाही. तुम्ही पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवेपर्यंत बॉल या डीतून, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलातून, त्या डीत गेलेला असतो. १६० ग्रॅमच्या आसपास वजनाचा तो बॉल ड्रॅग फ्लिकवर, म्हणजे स्टिकनं ओढून फेकला की, ताशी १०० किलोमीटरच्या पुढे सुटतो. लांबच्या खुर्चीवरून तो नजरेला नीट सापडतही नाही. गोल झाला हे पुष्कळदा आधी कानाला कळतं, गोलच्या आतल्या लाकडी फळीवर बॉल आदळल्याचा जो कडक आवाज येतो ना, त्यावरून. असा खेळ बघताना माणूस गप्प होतो कारण तो बघत असतो.

मग हॉकीचं पब्लिक बोलतं कधी? पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे बचाव करणाऱ्यांनी डीत फाउल केला की समोरच्यांना गोल करायची जी संधी मिळते तेव्हा. घड्याळ थांबतं, ४० सेकंद मिळतात. बचाव करणाऱ्या चार जणी आणि गोलकी, म्हणजे गोलकीपर, गोललाइनच्या मागे जातात, तोंडावर मास्क चढवतात, गुडघ्याला पॅड बांधतात. समोर डीच्या कडेला हल्ला करणाऱ्या एकमेकींच्या कानाला लागतात. कोण ढकलणार, कोण थांबवणार, कोण मारणार, की फसवून बाजूला देणार? हा खरा चर्चेचा वेळ. स्टँडमध्ये बसलेल्या प्रत्येकाचं यावर काहीतरी मत असतं आणि ते शेजाऱ्याला सांगायची त्याला घाई झालेली असते. दुसरा वेळ म्हणजे क्वार्टरच्या मधली दोन मिनिटं, आणि हाफटाइम.

आता आठवून बघा, मोठ्या सामन्यात नेमकं याच वेळी काय होतं. गाणं वाजतं. माइकवरचा माणूस "राउरकेलाऽऽ, आवाज कुठाय?" म्हणून किंचाळतो. शेजाऱ्याला सांगायचं वाक्य तोंडातच राहतं. ४० सेकंद संपतात, गाणं बंद होतं, बॉल सुटतो, आणि पुन्हा सगळे बघायला लागल्यामुळे गप्प. वर आपणच म्हणायचं, पब्लिक थंड आहे.

मी लहान होते तेव्हा भुसावळला रेल्वेच्या मैदानावर संध्याकाळची हॉकी चालायची. मुरमाचं मैदान, फक्कीनं मारलेली डी. उन्हाळ्यात जमीन अशी तापलेली असायची की सहा वाजून गेले तरी चपलेतून चटका लागायचा. अप्पा, माझे वडील, रेल्वेत टीसी. ड्युटीवरून आले की काळा कोट खुंटीला लावायचे आणि चहा न घेता मैदानाकडे, मागे मी. लोको शेडमधली माणसं पाळी संपवून तेलकट हातांनीच यायची, सायकली जाळीला टेकवून उभी राहायची. खुर्च्या नव्हत्याच. सगळे साइडलाइनला किंवा गोलमागे, खेळाडूपासून चार हातांवर. आणि बोलणं अखंड. "उजवीकडं मोकळा आहे रे भो!" "पाय! पाय लागला, अंपायर!" "स्टिक खाली ठेव, खाली!" खेळणाऱ्याला ते ऐकू जायचं आणि तो ऐकायचाही. लेफ्ट इनला खेळणारा कुणाचा मुलगा, त्याचा बाप कुठल्या खात्यात, हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे ओरडणाऱ्याच्या तोंडात नाव असायचं. चुकला तर त्याच नावानं शिव्याही.

त्या जाळीपाशी मला हॉकी आली. शिट्टी वाजली आणि माझा चेहरा कोरा दिसला की बाजूचा कुणीतरी न विचारता सांगायचा, "स्टिकच्या गोल बाजूनं खेळला ना बेटा, म्हणून." किंवा, "बॉल आणि त्याच्या मधे अंग घातलं, चालत नाही." नियमांचं पुस्तक मी पुढे बी.पी.एड.ला वाचलं. वाचताना प्रत्येक नियमामागे मला त्या तेलकट हातांच्या काकांपैकी कुणाचा तरी आवाज ऐकू येत होता.

अप्पांची मुंबई ड्युटी असली की ते विश्रांतीच्या वेळात चर्चगेटला हॉकीच्या मैदानावर जायचे. बॉम्बे गोल्ड कप, आगाखान कप असं काही चालू असलं तर बघूनच यायचे आणि परत आल्यावर जेवताना ताटावर सामना मांडायचे. भाकरीचा तुकडा म्हणजे सेंटर हाफ, मिरची म्हणजे राइट आउट. आई वैतागायची. अप्पा मैदानावर मात्र कधी ओरडले नाहीत. दोन्ही हात मागे बांधून उभे. त्यांचं बोलणं सामना संपल्यावर सुरू व्हायचं आणि मग दोन दिवस थांबायचं नाही. स्टेडियममधला आवाज मोजून कुठल्या पब्लिकला किती प्रेम आहे हे ठरवणाऱ्यांना अप्पांसारखी माणसं दिसतच नाहीत.

शांततेतून काय काय ऐकू येतं हे मला टोकियोच्या वेळी कळलं. ५ ऑगस्ट २०२१, ब्राँझचा सामना, भारत ५, जर्मनी ४. मॉस्कोच्या १९८० च्या सुवर्णानंतर ४१ वर्षांनी हॉकीत ऑलिंपिक पदक. कोरोनामुळे स्टेडियममध्ये प्रेक्षक नाहीत. आणि म्हणून गोलमधून आपला गोलकी श्रीजेश सबंध सामनाभर कसा बोलत होता ते आपल्याला घरी बसून ऐकू आलं. कुणाला पुढे जा, कुणाला मागे ये, कुणाला नुसतं नाव घेऊन जागं करणं. एरवी हे सगळं गोंगाटाखाली दबून जातं. मी नवीन मुलींना या सामन्याचा शेवटचा क्वार्टर ऐकवते. मोबाइल टेबलावर पालथा ठेवायचा, चित्र बघायचं नाही, फक्त कान द्यायचे. बॉल कुठल्या अर्ध्यात आहे, दाबाखाली कोण आहे, हे आवाजावरून सांगायचं. पहिल्यांदा सगळ्या हसतात. मग हळूहळू कान लागतो. गोलकीनं तोंड बंद ठेवलं तर बचाव आंधळा होतो, हे मी वर्गात वर्षभर ओरडून सांगितलं असतं तरी त्यांना असं पटलं नसतं.

म्हणजे शांत स्टेडियम मला हवंय का? मुळीच नाही. खरं पब्लिक काय असतं ते मी ओडिशातल्या राउरकेलाला बघितलंय.

जानेवारी २०२३ च्या वर्ल्ड कपला अप्पांना घेऊन गेले. भुसावळहून राउरकेला अवघड नाही, हावड्याकडे जाणारी गीतांजली थेट तिथे थांबते. नागपूर, गोंदिया, रायपूर, बिलासपूर करत लांबचा प्रवास होतो एवढंच. डब्यात कळण्याच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, आणि अप्पांनी स्टेशनवर घेतलेले केळीचे वेफर्स. बिरसा मुंडा स्टेडियम तेव्हा नवंकोरं होतं, २० हजारांहून जास्त खुर्च्यांचं. स्टँड उभे आणि टर्फच्या अगदी जवळ. वरच्या रांगेत बसूनही खेळाडू आपल्याला ऐकेल असं वाटत होतं.

१३ जानेवारी, भारत विरुद्ध स्पेन. आमच्या शेजारी सुंदरगडकडच्या एका खेड्यातले आजोबा होते, अप्पांच्याच वयाचे. हा जिल्हा म्हणजे हॉकीचं आगर, भारताचा माजी कर्णधार दिलीप तिर्की याच मातीतला. तिकडे गावोगावी ज्या स्पर्धा होतात त्यात बक्षीस म्हणून बोकड लावतात, खस्सी म्हणतात त्याला. जिंकलेला संघ बोकड घेऊन नाचत गावात जातो आणि रात्री सगळ्या गावाला जेवण. हे अप्पांना त्या आजोबांकडून कळलं. दोघांचंही हिंदी मोडकं, पण हॉकीपुरतं भरपूर. "हमारे उधर कुश्ती में नारळ और पैसा," अप्पा म्हणाले. "खाने को कुछ नहीं?" आजोबांना आपल्याकडच्या पैलवानांची काळजी वाटली.

पहिल्याच क्वार्टरमध्ये पेनल्टी कॉर्नरवरून अमित रोहिदासनं गोल केला. अमित सुंदरगडचाच. त्या क्षणी जो आवाज झाला तसला मी आयुष्यात ऐकला नव्हता, छातीच्या पिंजऱ्यात जाणवला तो. माइकवरचा माणूसही काहीतरी ओरडत होता, त्याचा ओठ हललेला मोठ्या पडद्यावर दिसला, शब्द एकही ऐकू आला नाही. पण मला त्याहून जास्त लक्षात राहिलंय ते दुसऱ्या अर्ध्यातलं. आपल्या एका बचावपटूनं धावत्या स्पॅनिश खेळाडूसमोर स्टिक जमिनीलगत आडवी टाकून बॉल अलगद काढून घेतला. गोल नाही, कॉर्नर नाही, स्कोअरबोर्डवर काही नाही. तरी सगळा स्टँड उठून टाळ्या वाजवायला लागला. असल्या टॅकलला टाळ्या मिळणं म्हणजे बघणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कधीतरी स्वतः तो प्रयत्न केलाय आणि त्यांच्या गुडघ्याला त्याच्या खुणा आहेत. आपण २-० जिंकलो. दोन दिवसांनी इंग्लंडशी ०-० झालं, एकही गोल नाही, तरी कुणी मधून उठून गेलं नाही.

त्याच स्टेडियमला मी पुढे लीगच्या वेळी गेले. २०१७ नंतर बंद पडलेली हॉकी इंडिया लीग २८ डिसेंबर २०२४ ला तिथेच परत सुरू झाली, आणि रांचीला पहिल्यांदाच बायकांची लीग झाली. माझ्या मुलींसाठी ही केवढी मोठी गोष्ट! खेळ उत्तम होता. जर्मनी, बेल्जियम, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलियाचे खेळाडू आपल्या पोरांबरोबर एका संघात. पण पुरुषांचे आठ संघ, आणि जवळपास सगळे सामने एकाच गावात. तामिळनाडूचा संघ, हैदराबादचा संघ, दिल्लीचा संघ, सगळे राउरकेलाच्या टर्फवर. समोर बसलेल्या पोरानं कुणाच्या बाजूनं ओरडायचं? घरच्या कलिंगा लान्सर्सचा सामना असेल तेव्हा प्रश्न नाही. बाकीच्या दिवशी स्टँडमध्ये एक अवघडलेपण मला जाणवलं. गोल झाला की आवाज व्हायचा आणि लगेच विरायचा.

मग एका संध्याकाळी तामिळनाडूचा सामना लागला. अमित रोहिदास त्यांच्याकडून खेळत होता. त्याच्याकडे बॉल आला की पुढच्या रांगेतली शाळकरी पोरं उठायची, बॉल गेला की बसायची. संघ जिंकतोय की हरतोय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. थोड्या वेळात वरच्या रांगांनीही तेच धरलं. आयोजकांनी जर्सी, झेंडे, घोषणा सगळं दिलं होतं. त्या पोरांनी त्यातलं काही घेतलं नाही, आपला माणूस शोधून काढला आणि त्याला धरून बसली. पब्लिकला आपलं कुणीतरी लागतं. विकत घेतलेल्या नावाशी नातं जुळायला वर्षं जातात, आणि आपल्याकडे लीग तेवढी वर्षं टिकत नाही. प्रीमियर हॉकी लीग २००५ ते २००८, वर्ल्ड सिरीज हॉकी एकच वर्ष, २०१२. त्यात पुण्याचा संघ होता, मुंबईचा होता. हॉकी इंडिया लीगमध्येही पूर्वी मुंबईचा होता. लीग परत आली तेव्हा महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. धनराज पिल्ले ज्या खडकीत घडला त्या महाराष्ट्राचा! जळगावच्या पोरानं मग कुणासाठी घसा फोडायचा?

माझा मावसभाऊ फैजपूरचा, आता टोरांटोला असतो. तिकडे हॉकी म्हणजे बर्फावरची. त्यानं एकदा मला तिथल्या स्टेडियममधून व्हिडिओ कॉल लावला, आणि बोलता बोलता म्हणाला, "ताई, इथंही तुझंच रडगाणं चालू असतं. पब्लिक गप्प, पब्लिक गप्प." टोरांटोचा मेपल लीफ्स संघ १९६७ नंतर स्टॅनले कप, म्हणजे तिकडच्या लीगचं विजेतेपद, जिंकलेला नाही, तरी तिकीट मिळणं मुश्किल. बर्फाला लागून असलेल्या सगळ्यात महागड्या खुर्च्या मोठमोठ्या कंपन्यांकडे. कंपनी आपल्या गिऱ्हाइकांना पाहुणचार म्हणून तिथे बसवते. ही मंडळी मध्यंतरात आत लाउंजमध्ये खायला जातात आणि खेळ सुरू झाला तरी लवकर परतत नाहीत. त्यानं कॅमेरा फिरवला. २० मिनिटांचा दुसरा भाग सुरू होऊन गेला होता आणि खालच्या रांगांत ओळीनं खुर्च्या रिकाम्या. वर छतापाशी मात्र खच्चून भरलेलं. ज्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढले ते वर, लांब. आवाज येणार तो तिथूनच, पण त्यालाही अडथळा आहेच. प्रत्येक भागात टीव्हीच्या जाहिरातींसाठी तीनदा खेळ थांबवतात, आणि तेवढ्यात गाणी, पडद्यावर बक्षिसं, "आवाज करा" अशी पाटी.

त्याच देशात विनिपेग नावाचं गाव आहे. तिथला जेट्स संघ १९९६ ला दुसऱ्या शहरानं नेला. १५ वर्षं गाव बिनसंघाचं राहिलं. २०११ ला अटलांटाचा संघ तिकडे आणून त्याला पुन्हा जेट्स नाव दिलं. प्लेऑफला तिथलं सगळं स्टेडियम पांढरे कपडे घालून येतं, १९८७ पासूनची रीत आहे. राष्ट्रगीतात "ट्रू नॉर्थ" हे शब्द आले की सगळे मिळून ते ओरडतात. भाऊ एकदा तिथे जाऊन आला, त्याचा घसा चार दिवस बसला होता. आणि जर्मनी, स्वित्झर्लंडकडे गोलमागे उभं राहून बघायचे स्टँड असतात, ढोल घेऊन लोक सबंध सामनाभर गातात, त्यांना पडद्यावरच्या पाटीची गरज पडत नाही. बर्फाची असो की टर्फची, हॉकी सगळीकडे तशीच वेगवान आणि गोलांच्या बाबतीत कंजूष. फरक पडतो तो पुढे कुणाला बसवलंय आणि मधल्या वेळेचं काय केलंय यानं.

पुढे कुणाला बसवायचं याचा घोळ तर आपल्याकडे गावपातळीवरही आहे. मैदानाच्या मध्यरेषेवर मांडव, मांडवात सोफे, सोफ्यावर पाहुणे. सामना सहाला ठरलेला, पाहुणे येईपर्यंत मुली वॉर्मअप करून करून गार झालेल्या. मग शाल, नारळ, बुके, भाषणं. पहिला क्वार्टर संपायच्या आत पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाची घाई, आणि सोफे रिकामे. ज्या पोरांना खरंच बघायचं होतं त्यांना दोरीमागे लांब पिटाळलेलं असतं. रिकाम्या सोफ्यांच्या मागून ती माना उंचावून बघतात.

अशाच एका स्पर्धेच्या फायनलला आमच्या मुली होत्या. आयोजकांनी हौसेनं डीजे लावला होता. आठ-दहा बॉक्स, तेही थेट गोलच्या मागच्या बाजूला. माझी गोलकी जीव तोडून ओरडत होती आणि तिच्यापासून दहा पावलांवर असलेल्या फुलबॅकला काही ऐकू जात नव्हतं. अंपायरची शिट्टीसुद्धा मुलींना उशिरा कळत होती. पहिला क्वार्टर संपल्यावर मी डीजेवाल्याकडे गेले. विशीतला पोरगा, यावलकडचा. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण तोच म्हणाला, "मॅडम, मला सांगितलं की खेळ थांबला की वाजव. पण ही शिट्टी वाजते तेव्हा खेळ थांबतो की नाही तेच कळत नाही. थांबल्यासारखा वाटतो आणि लगेच सुरू!"

प्रश्न इतका बरोबर होता की माझा राग गेला. मी त्याला एक राखीव मुलगी दिली, नववीतली. ती त्याच्या टेबलाशी उभी राहिली आणि प्रत्येक शिट्टीला सांगत गेली. ही पायाची. ही धोकादायक बॉलची, उंच उडाला म्हणून. हा लाँग कॉर्नर, ही फ्री हिट, आता वाजवू नको, ती निघालीसुद्धा. तिसऱ्या क्वार्टरला आमच्याविरुद्ध पेनल्टी कॉर्नर मिळाला. मी सवयीनं बॉक्सकडे बघितलं. बंद. त्या पोरानं दोन्ही हात मशीनवरून उचलले होते आणि टाचा वर करून डीकडे बघत होता. आजूबाजूचे लोक बोलायला लागले, मला स्पष्ट ऐकू येत होतं. "ती लांबची मारणार बघ." "नाही रे भो, ती नुसती थांबवेल, मारेल दुसरीच." दोघांची पैज लागली, चहाची. कॉर्नर आमच्या गोलकीनं पॅडवर घेऊन बाहेर ढकलला आणि ते दोघंही टाळ्या पिटत उभे राहिले, पैज हरलेला सुद्धा. शेवटच्या क्वार्टरला त्या पोरानं फक्त गोल झाल्यावर वाजवलं, तेही थोडंच. सामान गुंडाळताना मला म्हणाला, "मॅडम, असं सांगणारं कुणी असलं तर मजा येते बघायला."

आणि आपल्या खान्देशातल्या लोकांना बघता येत नाही असं तर कुणी म्हणूच नये. जत्रेतली कुस्त्यांची आमदंगल आठवा. डफडं वाजत असतं, पण वाजवणाऱ्याची नजर पैलवानांवर असते. नुसती हात-मानेची झोंबाझोंबी चालली असेल तोवर ठेका सावकाश. डाव लागला की ठेका चढतो. मातीला लागून गोल बसलेली माणसं, पुढे लहान पोरं, मागे म्हातारे. पट काढला की ढाक लावली हे दहा वर्षांच्या पोरालाही कळतं. कुस्ती आवडली की कुणीतरी तिथल्या तिथे उठून आपल्याकडून बक्षीस पुकारतो. पाच-पाच मिनिटं काहीच घडत नाही आणि एकही माणूस हलत नाही. तीच माणसं हॉकीला आली की थंड कशी होतील? कुस्ती त्यांना आजोबांनी समजावून दिली. हॉकी समजावून देणारे मैदानावरून कमी झाले, आणि त्यांच्या जागी आपण स्पीकर ठेवला.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. माइक खेळ कळणाऱ्याच्या हातात द्या, आणि त्याला मराठीत, अहिराणीत, लेवा बोलीत, जसं त्याच्या तोंडात येईल तसं बोलू द्या. शिट्टी वाजली की ती कशाची एवढं दोन शब्दांत सांगितलं तरी पुष्कळ झालं. पेनल्टी कॉर्नरचे ४० सेकंद पूर्ण मोकळे सोडा. डीजे लावायचाच तर हाफटाइमला लावा, पोरं नाचतील, त्यांनाही बरं वाटेल. पाहुण्यांचा सत्कार बक्षीस समारंभात करा. पोरांना गोलमागे उंच जाळी लावून तिच्या पलीकडे, जवळ बसवा. ढोल-ताशा कुणी घेऊन आलं तर अडवू नका, हातानं वाजवणारा माणूस खेळ बघून वाजवतो. आणि कार्यक्रमपत्रिकेवर पाहुण्यांची नावं छापता तशी खेळणाऱ्या सगळ्या मुलींची नावं छापा, नंबर आणि गाव घालून. पुढच्या रांगेतल्या बाईला कळू दे की सात नंबरची मुलगी सावद्याची आहे, तिच्या माहेरची.

अप्पा आता ७९ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, उभं राहवत नाही. आमच्या शाळेच्या सरावाला त्यांच्यासाठी मी एक खुर्ची नेते. परवा तिथे बसून ते एका सहावीतल्या मुलाला रिव्हर्स स्टिक समजावत होते, हातातल्या काठीनं. मुलगा हॉकी खेळत नाही, बहिणीला न्यायला आला होता.

तालुक्याच्या शालेय स्पर्धा पावसाळा सरता सरता आमच्याकडेच होतील. मैदान मुरमाचंच आहे, टर्फ नाही, आणि सोफे मी मांडू देणार नाही. जवळपास राहत असाल तर या. डावीकडच्या गोलमागे बसलात तर कॉर्नर सगळ्यात चांगला दिसतो. राखीव मुलींना मी या वेळी बाकावर न बसवता पब्लिकमध्ये पांगवून बसवणार आहे. शिट्टी कळली नाही तर निळ्या टी-शर्टमधल्या जवळच्या मुलीला विचारा. आणि चौदा नंबरला ओरडून काही सांगायचं असेल तर तिच्या डाव्या बाजूनं ओरडा, उजव्या कानानं तिला कमी ऐकू येतं.